वेळ नसलेल्या घरातील आरोग्य

आहार आणि व्यायाम या विषयावर कोठेही बोलू लागले, की श्रोत्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते : "हे सगळे आम्हाला पटते, पण वेळ कोठून आणायचा?" हा प्रश्न विचारणारी माणसे आळशी नसतात. ज्या घरात लहान मुले आहेत, आईवडील दोघेही नोकरीसाठी बाहेर पडतात किंवा एकाने मिळवावे आणि दुसऱ्याने पहाटेपासून रात्रीपर्यंत घर सांभाळावे अशी विभागणी आहे, त्या घरात वेळ खरोखरच नसतो. म्हणून आपण आज वेळेच्या या अडचणीला सबब न मानता वस्तुस्थिती मानू, आणि तिच्या मर्यादेत राहून काय करता येईल याचा विचार करू.

प्रथम हा वेळ जातो कोठे, ते पाहू. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याच्या कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्या कामांसाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास खर्च करतात, असे तीत आढळले. अशा कामांत भाग घेणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे होती. मुलांची व वृद्धांची देखभाल यांत धरलेली नाही. तिचा वेळ निराळा. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. घरातील आरोग्याचा प्रश्न पुष्कळ वेळा ज्ञानाचा नसून वाटणीचा असतो, आणि त्याकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

आता या प्रश्नाचे गांभीर्य पाहू. आपल्या देशात आहारशास्त्राच्या संशोधनाची सुरुवात १९१८ साली कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्याचे काम आरंभिले. त्याच कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. बेरीबेरी हा उणिवेचा रोग होता. तांदूळ सडून, पांढरा शुभ्र करून खाल्ल्यामुळे त्याच्या कोंड्यातील जीवनसत्त्व वाया जाई आणि माणसाचे हातपाय लुळे पडत. त्या काळी आहारशास्त्रापुढचा मुख्य प्रश्न होता तो कमतरतेचा.

आज प्रश्न दुहेरी झाला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. त्याच पाहणीत प्रत्येक चार स्त्रियांमागे जवळजवळ एकीचे आणि जवळजवळ तितक्याच प्रमाणात पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उणीव आणि अतिरेक हे आता दोन वेगवेगळ्या वस्त्यांत राहत नाहीत. ते एकाच घरात, पुष्कळदा एकाच पंगतीला बसतात. वडिलांना चाळिशीत मधुमेह, आईच्या रक्तात लोह कमी, आणि मूल बिस्किटांवर पोट भरून भाजीला नाक मुरडते, असे घर आज अपवादात्मक राहिलेले नाही. तिघांची दुखणी वेगळी दिसली, तरी त्यांची मुळे एकाच स्वयंपाकघरात आणि एकाच दिनक्रमात असतात.

आता व्यायामाविषयी. व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आखाडा, मैदान किंवा आजकालची व्यायामशाळा येते. वेगळे कपडे, वेगळी जागा आणि सलग एक तास. हे ज्यांना जमते त्यांनी अवश्य करावे. परंतु शरीराला हालचालीचा लाभ मिळण्यासाठी या गोष्टी अपरिहार्य नाहीत. हे सिद्ध करणारा एक प्रसिद्ध अभ्यास लंडनमधील बसगाड्यांवर झाला. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघांची नोकरी एकाच संस्थेत, गाडी तीच, रस्ते तेच. चालक दिवसभर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले, आणि झटका आलाच तर त्यातून मरणाऱ्यांचे प्रमाणही कमी होते.

चांगला संशोधक आपल्याच निष्कर्षावर शंका घेतो. चालक मुळातच अधिक स्थूल असतील तर? म्हणून मॉरिस यांनी पुढे दोघांच्या गणवेशांची मापे तपासली आणि चालकांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच अधिक असल्याचे प्रांजळपणे नोंदविले. म्हणजे सर्व श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. परंतु पत्रे वाटत हिंडणारे टपालवाले आणि बसून काम करणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हाही चित्र त्याच दिशेचे दिसले. त्यानंतर जगभर झालेल्या असंख्य अभ्यासांनी मूळ विचाराला पुष्टीच दिली आहे. आपल्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग असा, की ते वाहक व्यायाम म्हणून काहीच करीत नव्हते. त्यांची हालचाल त्यांच्या कामातच विणलेली होती. वेळ नसलेल्या माणसाला याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे असे श्रम, की ज्यात श्वास जलद होतो, बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. १५० मिनिटांना सात दिवसांनी भागले तर दिवसाला २१-२२ मिनिटे येतात. पूर्वी असे सांगितले जाई, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरू नये. ती अट आता काढून टाकण्यात आली आहे. चार मिनिटांची चढण, सहा मिनिटांची झपझप चाल, मुलांबरोबर पाच मिनिटांची पळापळ, हे सर्व जमेस धरले जाते. लहान नाणी साठवून मोठी रक्कम व्हावी, तसाच हा हिशेब आहे.

मग ही नाणी गोळा कशी करावीत? मुलाला शाळेत पोहोचविण्याचे अंतर चालण्याजोगे असेल तर वाहन घरी ठेवावे. त्यात मुलाचाही व्यायाम होतो आणि दिवसभरात न होणारे बोलणेही होते. बसने जाणाऱ्याने एक थांबा आधी उतरावे. दोन-तीन मजल्यांसाठी उद्वाहनाची वाट पाहू नये. दूरध्वनीवरचे लांबलेले संभाषण येरझारा घालीत करावे. संध्याकाळी मुले खेळत असताना बाकावर बसून राहण्याऐवजी त्यांच्यात सामील व्हावे. लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या यांना ना खर्च आहे ना शिक्षकाची गरज. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी एक तास चांगली हालचाल हवी असते. मुलांचा तो तास आणि आपली वीस मिनिटे एकत्र आणता आली, तर दोघांचेही काम साधते.

स्नायूंच्या बळकटीसाठी आपल्याकडे दंड-बैठका आणि सूर्यनमस्कार ही साधने पूर्वापार आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळांतून मोठ्या निष्ठेने केला. त्यामागचा त्यांचा विचार व्यवहार्य होता; एका सतरंजीएवढी जागा आणि थोडी मिनिटे यांत सगळ्या शरीराला ताण मिळावा. जपानमध्ये १९२८ सालापासून नभोवाणीवरून संगीताच्या तालावर काही मिनिटांचे सोपे व्यायाम प्रसारित होऊ लागले. महायुद्धानंतर त्यांत खंड पडला, परंतु १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि आजही तेथे लहानथोर ते करतात. या दोन्ही प्रयत्नांतले मर्म एकच आहे : थोडे करा, ठरलेल्या वेळी करा, आणि चारचौघांबरोबर करा. घरात सकाळी दहा मिनिटे आईवडील व मुले यांनी मिळून सूर्यनमस्कार घातले, तर एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या उत्साहाने निभावून जातो.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो : "घरकाम हा व्यायाम नव्हे काय?" याचे प्रामाणिक उत्तर असे, की काही कामे व्यायाम आहेत आणि काही नाहीत. पाणी भरणे, केर काढणे, फरशी पुसणे, हाताने कपडे धुणे यांत शरीर चांगलेच राबते. परंतु ओट्यापुढे दोन तास उभे राहण्याने पाय आणि कंबर दुखतात, हृदयाला मात्र विशेष काम पडत नाही. तेव्हा गृहिणीला "तुम्हाला व्यायामाची काय गरज, दिवसभर काम असतेच की," असे सांगणे बरोबर नाही. दमणे आणि सुदृढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिलाही मोकळ्या हवेत चालण्याची वीस मिनिटे हवीत, आणि ती मिळावीत म्हणून तेवढा वेळ दुसऱ्या कोणी तरी चूल सांभाळली पाहिजे. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे आहे त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारून आपल्या व्यायामाचा प्रकार ठरवावा.

आता ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. सुमारे २,००० उष्मांकांची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी त्यांनी दिवसाचे जे ताट सुचविले आहे, त्यात धान्ये सुमारे २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, पालेभाज्या धरून सर्व भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत. ही वजने शिजविण्यापूर्वीची आहेत. आपल्यापैकी कोणी रोज तराजू घेऊन स्वयंपाक करणार नाही, आणि तशी गरजही नाही. या प्रमाणांचा अर्थ मात्र ध्यानात घ्यावा. आपल्या बहुतेक घरांतील ताटात भाताचा ढीग किंवा पोळ्यांची चळत मध्यभागी असते. वरण पातळ असते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. सुचविलेल्या ताटात अर्धा भाग भाजी आणि फळांचा आहे. याचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की भात-पोळी थोडी कमी, भाजी दुप्पट, आणि वरण किंवा उसळ घट्ट.

धान्य आणि डाळ यांची जोडी आपल्या पूर्वजांनी जमविली, तिच्यामागे उत्तम शास्त्र आहे. प्रथिने ही अनेक लहान घटकांची बनलेली असतात. त्यांतील लायसीन हा घटक धान्यांत कमी व डाळींत भरपूर असतो. मिथिओनीनच्या बाबतीत नेमके उलट. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. म्हणूनच काश्मीर-पंजाबकडील राजमा-चावल, केरळातील पुट्टू आणि कडला, तामिळनाडूची इडली, बंगालची खिचुडी आणि आपले वरण-भात ही सर्व एकाच सूत्राची रूपे आहेत. प्रदेश बदलतो, भाषा बदलते. सूत्र तेच राहते. मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे वेगवेगळ्या प्रांतांचे आहार पांढऱ्या उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली होती. कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध-दही, डाळी आणि ताज्या भाज्या असलेल्या आहारावर उंदीर उत्तम वाढले. सडलेला तांदूळ आणि त्याबरोबर दूध-भाजी अगदीच थोडी, अशा आहारावर ते खुरटले. यातून अमुक प्रांत श्रेष्ठ असे ठरत नाही. कोणताही प्रांत असो, मुख्य धान्याच्या सोबतीला काय येते, यावर शरीराची वाढ अवलंबून असते, एवढे ठरते.

रक्तक्षयाच्या बाबतीत दोन साध्या सवयी उपयोगी पडतात. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. परंतु त्याच घासाबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असला, तर त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा हे शोषण रोखतो. तेव्हा लिंबाची फोड ताटात असावी आणि चहा जेवणापासून तासाभराच्या अंतरावर असावा. या दोन्ही गोष्टींना वेळ लागत नाही. रक्तक्षय अधिक असेल तर मात्र केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

मीठ, साखर आणि तेल यांचा हिशेब रोजच्या चमच्याने करणे कठीण जाते. त्यापेक्षा महिन्याच्या वाणसामानाची यादी हाती घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चार प्रौढांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत. आणि यात लोणची, पापड, फरसाण यांतले मीठही आले. साखर माणशी २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम, असे तीच संघटना सांगते. चौघांना महिन्याला तीन किलो, मिठाई, बिस्किटे व गोड पेये यांतील साखर धरून. तेल-तूप माणशी २५ ते ३० ग्रॅम धरले तर चौघांसाठी महिन्याला तीन ते साडेतीन किलो पुरावे. घरात मुले असतील तर हे आकडे त्याहून खाली आले पाहिजेत. महिनाअखेरीस डबे पाहिले की घर कोठे आहे ते कळते. कोणाला उपदेश करावा लागत नाही.

आता पुन्हा वेळेकडे येऊ. सकस अन्नाला वेळ लागतो आणि पाकिटातले अन्न वेळ वाचविते, अशी समजूत आज घट्ट झाली आहे. परंतु भारतातील कष्टकरी घरांनी झटपट अन्नाची कला फार पूर्वीच साधली होती. बिहारमधील शेतकरी भाजलेल्या हरभऱ्याचे सातू पाण्यात कालवून, कांदा-मिरची लावून कामावर निघतो. कर्नाटकात नाचणीची अंबली, तामिळनाडूत बाजरीची पेज, ओडिशात पखाळ, गुजरातेत प्रवासाला टिकणारे ठेपले, आंध्रात भिजविलेल्या मुगाचे पेसरट्टू, महाराष्ट्रात पोहे आणि पिठले, ही सर्व घाईच्या माणसांचीच खाद्ये आहेत. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांना नाचणी आणि ज्वारी नव्याने आठवली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदूळ-गव्हाच्या कित्येक पट. वाढत्या मुलांच्या घरात नाचणीचे पीठ असावेच.

काही कामे अशी असतात की ती आपण झोपलेले असताना आपोआप होतात. कडधान्य भिजविणे, त्याला मोड आणणे, इडलीचे पीठ आंबविणे, दही विरजणे, या सर्वांत माणसाचा वेळ पाच-दहा मिनिटे. बाकीचे काम पाणी, ऊब आणि सूक्ष्म जीव करतात. मोड आणल्याने कडधान्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते, आणि भिजविणे, मोड आणणे व आंबविणे या तिन्ही क्रियांमुळे लोहाला अडकवून ठेवणारी द्रव्ये कमी होतात. कुकरच्या एका डब्यात भात, दुसऱ्यात डाळ आणि तिसऱ्यात भाजी एकाच वेळी शिजते. सुटीच्या दिवशी पालेभाजी निवडून कोरडी करून ठेवली, लसूण सोलून ठेवला, शेंगदाणे भाजून कूट केले आणि आठवड्याच्या भाज्या ठरवून टाकल्या, तर संध्याकाळी थकून आलेल्या माणसापुढचा सर्वांत कठीण प्रश्न, म्हणजे "आज काय करायचे?", आधीच सुटलेला असतो. पाकिटाची ओढ भुकेपेक्षाही या प्रश्नामुळे अधिक लागते.

पाकिटे घरात मुळीच येऊ नयेत असे मी म्हणणार नाही. तसे नियम टिकत नाहीत. परंतु त्यांच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. कायद्यानुसार घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पहिल्या तीन नावांत साखर, मैदा आणि तेल असेल, तर वेष्टनावर धान्याचे कितीही सुंदर चित्र असले तरी तो पदार्थ खाऊ आहे, अन्न नव्हे. खाऊ कधीमधी खावा. त्याला न्याहारीची जागा देऊ नये.

महागाईचा प्रश्नही रास्त आहे. परदेशी फळे आणि जाहिरातींतली पौष्टिक चूर्णे यांची आरोग्याला गरज नाही. पेरूत संत्र्याहून कितीतरी अधिक 'क' जीवनसत्त्व असते. शेवग्याचा पाला, चवळीची पाने, भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी, अंडी आणि हंगामातील भाजी ही सामान्य बाजारात मिळणारी उत्तम सामग्री आहे. जे हंगामात असते ते बहुधा स्वस्त असते, आणि ताजेही असते.

मुलांच्या खाण्याविषयी थोडे सांगतो. नव्या भाजीला मूल पहिल्यांदा नकार देते, तो नकार अंतिम मानू नये. आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, थोडी थोडी, जबरदस्ती न करता ताटात वाढली तर बहुतेक मुले ती स्वीकारतात. काय शिजवायचे आणि केव्हा जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाच्या भुकेवर सोपवावे. "भाजी संपव म्हणजे गोळी देईन" असे म्हटले की मूल एकच गोष्ट शिकते : भाजी ही शिक्षा आणि गोळी हे बक्षीस. जेवताना दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद असावेत, नाही तर पोट भरल्याचे भान ना मुलाला राहते, ना मोठ्यांना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वडिलांनी स्वतः कारल्याची भाजी बाजूला सारून मुलाला ती खाण्याचा आग्रह करू नये. मूल कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकते.

शेवटी, प्रारंभी बाजूला ठेवलेल्या वाटणीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या असंख्य घरांत स्त्री सर्वांना वाढून झाल्यावर जेवते. तोवर भाजी तळाशी गेलेली असते, वरण पातळ झालेले असते, अंडे किंवा दही संपलेले असते, आणि ती चटणी-पोळीवर भागवून उठते. याला आपण प्रेम म्हणतो, संस्कार म्हणतो. प्रेम ते असेलही. परंतु रक्ताला प्रेमाची भाषा कळत नाही, त्याला लोह लागते. घरातील सर्वांत अधिक राबणाऱ्या व्यक्तीने सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी खावे, आणि पुढे तिच्याच रक्तक्षयाबद्दल औषधे आणावीत, यात कोणते शहाणपण आहे? उपाय साधा आहे. सर्वांनी एकत्र बसावे आणि पदार्थ मध्ये ठेवून ज्याचे त्याने वाढून घ्यावे. ते शक्य नसेल तर तिचे ताट सर्वांत आधी वाढून झाकून ठेवावे.

स्वयंपाकघरातील कामालाही हेच लागू आहे. पुरुषाने भाजी चिरली तर ती पत्नीला केलेली मदत नव्हे. ज्या घरात तो जेवतो, त्या घरातील ते त्याचेच काम आहे. सात-आठ वर्षांचे मूल मटार सोलू शकते, कोथिंबीर निवडू शकते, ताटे मांडू शकते. मुलगा आणि मुलगी असा भेद यात करू नये. ज्या भाजीला मुलाचा हात लागलेला असतो, ती खाण्याची उत्सुकताही त्याला अधिक असते. असे काम वाटले गेले, की आईच्या दिवसातील अर्धा तास मोकळा होतो. चालण्यासाठी वेळ कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. झोपेसाठीही तेथूनच वेळ मिळतो, आणि प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप हवी, हे विसरून चालणार नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, चिडचिड वाढते आणि सकाळचे सूर्यनमस्कार सर्वांत आधी बुडतात.

मित्रहो, मी सांगितलेल्या गोष्टींपैकी सर्व उद्यापासून सुरू करण्याचा संकल्प कोणी करू नये. फार मोठे संकल्प आठवडाभरात मोडतात आणि मागे केवळ अपराधाची भावना ठेवून जातात. घरातील सर्वांनी एकत्र बसून तीनच गोष्टी निवडाव्यात. एक हालचालीची, एक ताटाची आणि एक वाटणीची. उदाहरणार्थ, सकाळी दहा मिनिटे सर्वांनी मिळून व्यायाम. रात्रीच्या जेवणात भाजी दुप्पट आणि लिंबाची फोड. आणि आईचे ताट सर्वांबरोबर. महिनाभर एवढेच करावे. महिन्याच्या शेवटी मीठ, साखर व तेलाचे डबे पाहावेत, जिना चढताना दम कमी लागतो का ते पाहावे, आणि मग चौथी गोष्ट हाती घ्यावी.

आपण मुलांसाठी पैसा साठवितो, घर बांधतो, त्यांच्या शिक्षणाची तजवीज करतो. त्याबरोबरच, आपल्या नकळत, आणखी एक वारसा आपण त्यांना रोज देत असतो : कसे जेवावे, कसे चालावे, कोणी काम करावे आणि कोणी आधी बसावे. हा वारसा मृत्युपत्रात लिहिला जात नाही. तो रोजच्या जेवणाच्या वेळी हस्तांतरित होतो. तो आजच्या रात्रीच्या जेवणापासून थोडा सुधारता येईल. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही, कारण जेवायला तर आपण बसणारच आहोत.